नाखव्यांची पेटी निर्दोष होती

आमच्या सोसायटीने नुकतीच एक स्मरणिका काढली. तिच्यात माझी स्तुती छापली आहे. ती मला मान्य नाही. स्तुती अशी: ‘हळदीच्या दिवशी गावठी स्पीकर-पेटीने आमचा परदेशी ॲम्प्लिफायर खाल्ला, तेव्हा साहेबांनी मोठ्या मनाने दोष स्वतःवर घेऊन एका गरीब कारागिराची अब्रू झाकली.’ एवढ्याशा मजकुरात किती खोटे मावते, याचा हा नमुना आहे. माझे मन मोठे नाही. ते कारागीर गरीब नव्हते. त्यांच्या अब्रूत झाकण्याजोगे काही नव्हते. आणि ॲम्प्लिफायर पेटीने खाल्ला नाही. तो मी जाळला. ही गोष्ट मी गेली पंचवीस-तीस वर्षे सांगत आलो आहे आणि ऐकणारा जवळजवळ प्रत्येक जण ‘साहेब, तुमचा हा मोठेपणा’ असे म्हणून चहा मागवतो.

लेख लिहिणारे गृहस्थ आमच्या वाद्यवृंदात कीबोर्ड वाजवीत. माणूस सज्जन आहे. त्यांना सूर आठवतात, घटना आठवत नाहीत. म्हणून त्या कारागिरांविषयी जे लिहायचे ते मलाच लिहिले पाहिजे.

आमच्या सोसायटीशेजारचे सारे सारसोळे गाव त्यांना नाखवा म्हणत असे. वास्तविक नाखवा म्हणजे होडी चालवणारा, आणि यांनी जन्मात होडी चालवली नव्हती. ते होड्या बांधीत. खाडीतली मासळी कमी झाली, होड्या बांधून घेणारे उरले नाहीत, तेव्हा त्यांनी तेच रंधे आणि त्याच पटाश्या घेऊन स्पीकरच्या पेट्या बांधायला सुरुवात केली. गावागावांतून बेंजो पार्ट्या निघत होत्या. बेंजो म्हणजे बटणे दाबून तारा छेडायचे वाद्य. हळदीत ते असे कडाडले पाहिजे की मांडवाच्या बांबूंनी थरथरावे. त्याला मजबूत पेटी लागे. ठाण्यापासून पनवेलपर्यंतच्या पार्ट्या नाखव्यांकडे येत. खाडीच्या बाजूला पत्र्याची मोठी शेड, समोर जाळी वाळत घातलेली, आणि आत लुंगी-बनियनवर उभे नाखवे. गावात त्यांची दोन घरे भाड्याने दिलेली होती. ‘गरीब कारागीर’ हे आमच्या लेखकांचे संशोधन आहे.

त्यांना पोकळ वस्तूचा तिटकारा होता. कोठेही गेले की बोटाच्या पेराने ठोकून पाहत. एकदा ते माझ्या नव्या सदनिकेत आले. मी कौतुकाने दारे दाखवली. त्यांनी पहिले दार ठोकले, दुसरे ठोकले, माझ्या काचेच्या शोकेसची मागची फळी ठोकली, आणि माझ्या पत्नीने पुढे केलेली खुर्चीसुद्धा ठोकून पाहिली.

“वैनी,” ते गंभीरपणे म्हणाले, “या घरान एक टोपच भरीव हाय, तो पन भात हाय म्हनून.”

पत्नी हसली. मी हसलो नाही. त्या दारांचे हप्ते मी भरत होतो.

त्यांच्या बोलीत ‘तुम्ही’ हा शब्द नव्हता. मी बेलापूर पट्ट्यातल्या एका कारखान्यात उपकरण विभागाचा प्रमुख होतो. माझ्या हाताखाली चाळीस माणसे होती आणि ती सारी मला साहेब म्हणत. नाखवे मला ‘तू’ म्हणत. ते तलाठ्यालाही ‘तू’ म्हणत आणि देवीलाही. मी मात्र त्यांना ‘तुम्ही’ म्हणत असे. हे का, याचा मी त्या काळी विचार केला नव्हता.

मी गिटार वाजवीत असे, आणि चांगली वाजवीत असे. ज्यांना शंका आहे त्यांनी मला ऐकलेले नाही. आमच्या सेक्टरमधल्या चौघांनी मिळून वाद्यवृंद काढला होता आणि आम्हाला हाय-गेन ॲम्प्लिफायर हवा होता. ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. साधा ॲम्प्लिफायर गिटारचा आवाज फक्त मोठा करतो. हाय-गेन ॲम्प्लिफायर तो पहिल्याच टप्प्यात इतका फुगवतो की तो काठावरून सांडतो, फाटतो, खरखरीत होतो, आणि एकदा छेडलेला स्वर लवकर मरत नाही. असा आवाज झेलायला मागे तितकीच खंबीर पेटी हवी. मी आलेख-कागदावर पेटीचा रीतसर आराखडा काढला, मापे मिलिमीटरमध्ये लिहिली आणि नाखव्यांपुढे ठेवला.

त्यांनी तो कागद उलटा केला, सुलटा केला आणि विचारले, “मुंडका कंचा?”

मुंडका म्हणजे ॲम्प्लिफायर. पेटी म्हणजे धड. हा त्यांचा शब्द.

“तो अजून घेतलेला नाही,” मी म्हणालो. “आधी पेटी ठरवू.”

“नवरा नाय, नि नवरीचे बांगऱ्यांचा माप देतंस?”

मग त्यांनी मला शिकवले. मी शिकलो असे त्या वेळी कबूल केले नाही, आज करतो. मुंडक्याच्या पाठीवर दोन आकडे असतात. एक ताकदीचा, वॉटचा. दुसरा ओहमचा, ज्याच्यापुढे घोड्याच्या नालेसारखी खूण काढलेली असते. नाखव्यांना इंग्रजी वाचता येत नव्हते, पण ती नाल ते दुरून ओळखत. पेटीची नाल आणि मुंडक्याची नाल जुळली पाहिजे, आणि पेटीची ताकद मुंडक्याच्या दुप्पट पाहिजे. त्यांच्या पेटीत बारा इंची चार स्पीकर असत, आठ-आठ ओहमचे, आणि ते अशा तऱ्हेने जोडलेले की सगळ्यांचे मिळून पुन्हा आठच भरत. पाठ बंद. सांध्यांत राळेत आणि तेलात भिजवलेली कापसाची वात ठोकलेली, जशी होडीला ठोकतात. पेटी पुरी झाली की ते एका स्पीकरचा कागदी पडदा तळहाताने हळूच आत दाबत आणि दुसऱ्या हाताने पेटलेली उदबत्ती प्रत्येक सांध्यावरून फिरवत. धूर जराही हलला तर ती पाठ उचकटून पुन्हा बसवत. आमच्या कारखान्यात दाबाच्या टाक्या तपासत, त्याहून ही तपासणी कडक होती. हे मी अधिकाराने सांगतो, कारण त्या टाक्या मी तपासत असे.

एकदा मांडव-कंत्राटदार त्यांच्याकडे आला होता. त्याला पेटीला चार जाळ्या हव्या होत्या, पण स्पीकर एकच. तीन जाळ्या दिखाव्याच्या. नाखव्यांनी त्याला शेडबाहेर काढले आणि तो रस्त्याला लागेपर्यंत ओरडत राहिले, “तीन डोले मिटलेला देव बसव तुजे देव्हाऱ्यान! माजे शेडीन नाय!”

मुंडका निवडायला आम्ही मुंबईतल्या एका वाद्यांच्या दुकानात गेलो. आम्ही म्हणजे मी, कीबोर्डवाले, नाखवे आणि पेटी. होय, पेटी. दुकानातल्या पेटीवर ऐकायला त्यांनी साफ नकार दिला. शेडीत तयार असलेली त्यांची चार स्पीकरची, आठ ओहमची पेटी टेम्पोत घालून, वाशीचा पूल ओलांडून आम्ही शहरात नेली. दुकानदाराने हात जोडले. “अहो, आमच्याकडे परदेशी पेटी आहे ना!”

“ती तुजेकरंच ऱ्हानार,” नाखवे म्हणाले, “मंग तिचेवर आयकून मी काय करू?”

दुकानात तीन ॲम्प्लिफायर होते. माझी निवड घरूनच ठरलेली होती: शंभर वॉटचा, ट्रान्झिस्टरवर चालणारा, हलका आणि मजबूत. नाखवे पेटीकडे पाठ करून जमिनीवर मांडी घालून बसले. ते नेहमी तसेच ऐकत. कान खोटे बोलतात, पाठ नाही, असे त्यांचे म्हणणे. मला ते सांगत, “आता तुटका वाजव,” आणि मी तळवा तारांवर टेकवून जाड तारा आखूड-आखूड छेडी. मग म्हणत, “आता एकच सूर. वाजव नि हात सोर,” आणि तो स्वर विरेपर्यंत ते बोटांची पेरे मोजत. माझा शंभर वॉटचा लाडका सहाव्या पेरावर मेला. पन्नास वॉटचा, काचेच्या व्हॉल्व्हवर चालणारा एक जुना, जड मुंडका दोन्ही हातांची पेरे संपली तरी गुरगुरत होता.

“हा,” ते म्हणाले.

“अहो, पण हा निम्म्या ताकदीचा आहे. शिवाय व्हॉल्व्ह म्हणजे जुने तंत्र. मी या विषयातला माणूस आहे.”

“तू मिरची कवरी तिखट ती बगतंस. मी ती पोटान कवरा वेल ऱ्हाते ता बगतंय.”

कीबोर्डवाले त्यांच्या बाजूने झाले. मी हरलो, आणि हरलेला माणूस जसा वागतो तसा वागलो: घरी आल्यावर त्या यंत्राची माहितीपुस्तिका वाचली नाही. जुन्या तंत्राचे काय वाचायचे? हा माझा निर्णय होता. स्मरणिकेतल्या कथेत तो कोठेही नाही.

नाखव्यांनी मात्र मला बजावले होते. शेडीत त्यांनी मला मुंडक्यामागे उभे केले आणि पेटीकडे जाणाऱ्या तारेवर बोट ठेवले. “वल्हा पान्यान हाय तवर लाव किती जोर लावतंस ता. वल्हा पान्याभायेर काढून जोर लावशील, तं तूच उताना परशील. ही तार म्हंजे वल्हा. मुंडका चालू असताना काढाची नाय. गप करायचा असल तं आदी हा खटका.” आणि पुढच्या बाजूचा छोटा खटका त्यांनी मला दोनदा खाली-वर करून दाखवला. मी मान हलवली. मनात म्हणालो, होडीवाला मला विद्युतशास्त्र शिकवतो आहे.

आता ती हळद.

ती नाखव्यांच्या पुतणीची होती. त्यांनी आम्हाला मानाने बोलावले. नव्या वसाहतीतला वाद्यवृंद गावच्या मांडवात प्रथमच वाजणार होता, त्यामुळे आम्ही चौघेही इस्त्रीचे सदरे घालून गेलो. दिवेलागणीची वेळ होती. पेटी मांडवाच्या मेढीजवळ, तिच्यावर मुंडका. बोनकोडे गावापासून आलेले पाहुणे पेटीला हात लावून बघत होते. दोन बेंजो पार्ट्यांचे म्होरके तिथेच नाखव्यांशी नव्या पेट्यांचे बोलणे करीत होते. आम्ही वाजवायला सुरुवात केली आणि मी सांगतो, तो आवाज आजही माझ्या पाठीत आहे. पोरीबाळी, म्हातारेकोतारे, सगळा मांडव नाचत होता.

तेवढ्यात धवलारीण आली. आगरी-कोळ्यांच्या लग्नात विधी सांगते ती ही बाई. ती धवले, म्हणजे लग्नातली विधींची गाणी, गाते, आणि तिने तोंड उघडले की मांडवात दुसरा आवाज होता कामा नये. तिथे लाउडस्पीकरवाल्यांची एक रीत होती. धवलारीण उभी राहिली की कोणी बटण शोधत बसत नसे. सरळ स्पीकरची तार उपटत. त्यात आदर होता: तुझ्यापुढे आम्ही आमची जीभच काढून ठेवली, असा. त्यांच्या ट्रान्झिस्टरच्या यंत्रांना त्याने काही होत नसे. स्पीकर काढला की ती नुसती विश्रांती घेत. ती रीत मी दोन-तीन हळदींत पाहिली होती आणि मला ती फार आवडली होती. मी बाहेरचा माणूस, साताऱ्याकडचा. गावाने मला आपले म्हणावे अशी माझी इच्छा होती. म्हणून धवलारीण उठताच मी सगळ्यांच्या आधी पुढे झालो आणि पेटीची तार झोकात उपटून वर धरली. दोन-चार म्हातारे ‘वा’ म्हणाले.

खटका मी खाली केला नव्हता. आणि गिटार माझ्या गळ्यात होती. धवलारीण गात होती, आवाज तर बंदच आहे, असे समजून मी पुढच्या गाण्यातला अवघड तुकडा बोटांवर घोळवू लागलो. दहा मिनिटे. गेन पूर्ण वर. व्हॉल्व्हच्या यंत्रातून निघालेल्या शक्तीला बाहेर वाट नसली की ती उलटून आपल्याच आउटपुट ट्रान्सफॉर्मरवर पडते. धवला संपला, मी तार परत लावली, आणि जळलेल्या लाखेसारखा वास आला. आवाज नाही.

“गेला,” कीबोर्डवाले म्हणाले. मग मोठ्याने: “मी म्हणतच होतो. घरगुती पेटी परदेशी यंत्राला झेपली नाही. पेटीने खाल्ला!”

ते असे कधीही म्हणत नव्हते. पण मांडवाने ते उचलले. पेटीने खाल्ला, पेटीने खाल्ला. नाखव्यांनी वाद घातला नाही. त्यांनी पेटी उचलून लाउडस्पीकरवाल्याच्या यंत्राला जोडली आणि पुढची सगळी हळद त्याच पेटीवर वाजवून दाखवली. एक स्पीकर खरखरला नाही. तरी बेंजो पार्ट्यांचे दोन्ही म्होरके बोलणे अर्धवट टाकून जेवायला निघून गेले. नाखव्यांनी एकदाच माझ्याकडे पाहिले. मी गिटारच्या तारा पुसत होतो.

मी तीन आठवडे गप्प राहिलो. त्या तीन आठवड्यांत नाखव्यांच्या हातातल्या पेट्या एकेक करून रद्द झाल्या. मग मी शेडीत गेलो.

“नाखवा, तार मी काढली होती.”

“मना म्हाईत हाय. मी बगितली.”

“मग त्याच वेळी बोलला का नाहीत?”

त्यांनी रंधा थांबवला नाही. “तू बोलशील म्हनून थांबलो.”

मी भांडखोर आहे असे माझ्याविषयी म्हणतात. खरे आहे. पण त्या उत्तराशी भांडायला मला आजवर जागा सापडलेली नाही.

त्याच संध्याकाळी मी सोसायटीच्या आवारात सगळ्यांना बोलावून झाला प्रकार सांगितला. कीबोर्डवाल्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. “साहेब, तुम्ही उपकरण विभागाचे प्रमुख. तुम्ही अशी चूक कराल? आम्ही काय खुळे आहोत? म्हाताऱ्यासाठी करताय, कळतं आम्हाला.” बाकीच्यांनी माना डोलावल्या. मी सारसोळ्यात जाऊन देवळापुढे सांगितले. तिथले म्हणाले, “सायेब मनाचा मोटा हाय.” चाळीस माणसांच्या सलामांनी कमावलेली माझी इभ्रत माझ्याच शब्दाच्या आड उभी राहिली. मी खोटे बोललो असतो तर लगेच पटले असते.

मी चिडून नाखव्यांकडे गेलो. म्हणालो, ट्रान्सफॉर्मर नव्याने गुंडाळून घेतो, मुंडका दुरुस्त करतो, आणि साऱ्या गावापुढे तार उपटून तो पुन्हा जाळून दाखवतो. मग तरी पटेल!

“काय नको,” ते म्हणाले. “एक जालला तो चुकून जालला. जानूनबुजून जालशील तं माजे शेडीन पाय ठेवू नको. नीट करून आन. नि दर आयतवारी हितं बसून वाजव. पेटीची बाजू पेटीच मांडंल.”

मुंडका दुरुस्त झाला, आणि मी दर रविवारी दुपारी चारला शेडीच्या दारात बसून वाजवू लागलो. नाखवे पेटीकडे पाठ करून काम करीत. बाजाराला जाणारी माणसे थांबत, ऐकत, पुढे जात. आधी पावसाळ्याचे महिने गेले, गणपती गेले, दिवाळी गेली. पेटी कोणी मागितली नाही. ‘साहेबांना नाद लागला’ असे आमच्या इमारतीत म्हणू लागले. मी वाजवणे थांबवले नाही. नाखव्यांनी उदबत्ती फिरवणे थांबवले नाही. गिऱ्हाईक नसताना ते आपल्याच जुन्या पेट्या तपासत बसत. माझा इस्त्रीचा सदरा केव्हा सुटला ते मला कळले नाही. उकाड्यात मी बनियनवर बसू लागलो, आणि लाकडाचा भुसा केसांत घेऊन घरी जाऊ लागलो.

लग्नसराईच्या तोंडावर एका रविवारी बोनकोड्याच्या नव्या बेंजो पार्टीचा म्होरक्या आला. तिशीचा, गळ्यात जाड साखळी, कोणाचाही मुलाहिजा न ठेवणारा. तो मला ओळखत नव्हता. त्याने उभ्याने दोन गाणी ऐकली, मग पेटीला लाथेचा हलका टोला मारून नाखव्यांना विचारले, “दादूस, हीच काय रं ती, ॲम्प्लिफायर खानारी?”

“तिनं नाय खाल्ला,” नाखवे म्हणाले आणि रंध्याने माझ्याकडे दाखवले. “यानं.”

म्होरक्याने माझ्याकडे वळून पाहिले. भुसा, बनियन, पायात तुटकी चप्पल.

“कसा रं?”

“मुंडका चालू असताना तार काढली,” मी म्हणालो. “धवलारीण उठली म्हणून.”

“काढली तं काढली. मंग?”

“मग मी वाजवत राहिलो.”

“तार काढून?” त्याचे डोळे मोठे झाले. “नि वरनं वाजवत रायलास? आरं भावड्या, मुंडका तुजे खांद्यावर पन हाय ना? त्यान काय भरलाय, भुसा?”

तो खो-खो हसला आणि नाखव्यांना म्हणाला, “दोन दे. आठ नालेच्या. नि यो मानूस माजे मांडवान पाठवू नको.”

एवढ्या काळात माझ्या शब्दावर विश्वास ठेवणारा तो पहिला माणूस होता. त्याचे बोलणे अशिष्ट होते, माझ्या वयाचा त्यात मान नव्हता, आणि माझ्या पदाची त्याला गंधवार्ता नव्हती. मी गिटार मांडीवर आडवी ठेवली, आणि त्याच्याशी एका अक्षराचाही वाद घातला नाही.